भ्रष्टाचार आणि मूठभरांची सत्ता टाळणारी एखादी तरी व्यवस्था आहे का?

शेतकरी_पोरगा: प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा कल्पना किती भारी होती, एका सभासदाला एकच मत, मग शेअर किती का असेना. आणि आज आमच्या भागातला कारखाना बघा, तीन पिढ्या एकच घर चेअरमन, विरोधात उभं राहिलं की उसाला तोड वेळेवर मिळत नाही, वडिलांचा ऊस फडात वाळलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. मग सिस्टीम कुठलीही आणा, शेवटी हेच होणार का?

गावकरी७७: मत एकच असलं तरी तोडीची चिठ्ठी, कर्ज, पोराची नोकरी सगळं एकाच हातात, मग मत मोकळं राहीलच कसं!

इतिहासवेडा: प्राचीन अथेन्समध्ये 500 जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडायचे, मुदत एक वर्ष, आयुष्यात दोनदाच संधी. घराणं पक्कं व्हायला वेळच नाही. पण बायका आणि गुलाम बाहेरच, म्हणजे तीही एक प्रकारे मूठभरांचीच सत्ता.

रानवाट: गडचिरोलीतलं मेंढा लेखा वाचा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव, बहुमत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत ग्रामसभा बसते, 2009 ला जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गाव छोटं आहे मान्य, पण हिशोब सगळ्यांसमोर मांडला जातो ना.

शेतकरी_पोरगा: छोट्या गावात जमतं हो, पण हजारो सभासदांच्या कारखान्यात वार्षिक सभेला प्रश्न विचारायला उठलं की माईकच काढून घेतात, तिथे काय करायचं ते सांगा.