ऑफिसचं प्रोफाइल, घरचं सिंक: वेगळं कसं ठेवावं? सल्ला हवा

शब्दवेडी

मी घरून अनुवादाचं काम करते. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, संध्याकाळी त्यावर मुलगी अभ्यास करते. क्रोममध्ये सगळं माझ्या एकाच खात्यावर चालतं: बँक, मुलीच्या शाळेचं काम, माझ्या कामाचे टॅब. आता एका नव्या कंपनीने मला त्यांचं ईमेल खातं दिलंय. त्यात साइन-इन करायला गेले तर ब्राउझर म्हणतो, या खात्यासाठी वेगळं प्रोफाइल करा आणि ते संस्था व्यवस्थापित करेल. तिथेच थांबलेय.

'हो' म्हटलं तर कंपनीला माझं बाकीचं ब्राउझिंग दिसेल का? आणि सिंक, म्हणजे पासवर्ड, बुकमार्क वगैरे खात्यामार्फत सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवणं, चालू ठेवावं की बंद करावं? फोनवर पासवर्ड आपोआप मिळतात, ती सोय सोडवत नाही. वेळ पडली तर ब्राउझर बदलायची तयारी आहे.

रानवारा

वेगळं प्रोफाइल करा, नक्की करा. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी), हिस्ट्री, बुकमार्क, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी ॲप) आणि जतन केलेले पासवर्ड स्वतंत्र असतात. लॅपटॉप तुमचा असल्यामुळे कंपनीचे नियम त्या एका प्रोफाइलपुरतेच लागतील. त्याच्या आत मात्र कंपनी एक्स्टेन्शन बसवू शकते, काही साइट बंद करू शकते, तुम्ही काय उघडता याची नोंदही ठेवू शकते. म्हणून त्या खिडकीत बँक, दवाखाना, घरची मेल यातलं काहीही उघडू नका. दोन्ही प्रोफाइलना ठळक वेगळे रंग द्या. घाईत चुकीच्या खिडकीत टाइप होतं, तेव्हा हा रंगच वाचवतो.

लॅपटॉप कंपनीचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे नियम अख्ख्या मशीनला लागू असू शकतात, आणि मग तुम्ही केलेलं 'खाजगी' प्रोफाइलही त्यात येतं.

दुर्बीण

रानवारांशी सहमत, पण उलट दिशेचा धोका मला जास्त मोठा वाटतो: कंपनीची गुपितं तुमच्या घरच्या खात्यात जाणं. २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीत हेच घडलं. एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर, क्रोममध्ये, स्वतःच्या गूगल खात्याने साइन-इन केलेलं होतं. कंपनीच्या एका सर्व्हिस अकाउंटचं (माणसाऐवजी यंत्रणेच्या कामासाठी असलेल्या खात्याचं) नाव आणि पासवर्ड त्या खाजगी खात्यात जतन झाले. तोच पासवर्ड वापरून हल्लेखोर ओक्टाच्या सपोर्ट विभागातल्या फाइलींपर्यंत पोचले. १३४ ग्राहकांच्या फाइली उघड्या पडल्या. कर्मचाऱ्याचं खाजगी खातं किंवा उपकरण हाती लागलं असावं, असा निष्कर्ष ओक्टानेच जाहीर केला. त्याच्या आदल्या वर्षी सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीमध्येही सुरुवात अशीच झाली होती, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक गूगल खात्यात सिंक झालेल्या पासवर्डपासून.

त्यामुळे 'पासवर्ड जतन करू का?' असं ब्राउझरने विचारलं की आधी वर बघा, आपण कोणत्या प्रोफाइलमध्ये आहोत. ग्राहक कंपनीचा पासवर्ड घरच्या सिंकमध्ये कधीही नको.

मुक्तछंद

सिंकबद्दल. चालू की बंद, यापेक्षा किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघा. क्रोममध्ये नेहमीच्या मांडणीत डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद होतो, पण किल्ली गूगलकडे असते. सेटिंगमध्ये स्वतःचा पासफ्रेज (खात्याच्या पासवर्डहून वेगळा, लांब सांकेतिक मजकूर) ठेवायची सोय आहे. तो ठेवला की सिंक झालेला डेटा गूगलला वाचता येत नाही. विसरलात तर सर्व्हरवरचा डेटा पुसून पहिल्यापासून सिंक करावं लागतं. फायरफॉक्समध्ये हे कुलूप मुळातच असतं, किल्ली तुमच्या पासवर्डमधून तयार होते. म्हणून तिथे रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास डेटा परत मिळवायची किल्ली) काढून कागदावर लिहून ठेवा. ब्रेव्ह या ब्राउझरला तर खातंच लागत नाही, शब्दांची एक लांब साखळी असते आणि ती दुसऱ्या उपकरणात टाकली की जोडणी होते. ज्याच्या हाती ती साखळी, त्याच्या हाती सगळं. त्यामुळे तिचा स्क्रीनशॉट काढू नका.

ब्राउझर बदलण्याची घाई करू नका. आधी पासफ्रेज लावून बघा, मग ठरवा.

दुर्बीण

पासवर्डसाठी मी ब्राउझरवर अवलंबूनच राहू नका म्हणेन. बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी असं पासवर्ड सांभाळणारं वेगळं ॲप घ्या. बिटवॉर्डन फोनवरही आपोआप भरतं, म्हणजे तुमची सोय जात नाही. मग ब्राउझरच्या सिंकमध्ये फक्त बुकमार्क ठेवा. हिस्ट्री सिंक करायची गरज मला आजवर पटलेली नाही. आपण काय शोधतो, कुठल्या आजाराबद्दल वाचतो, हे सगळं त्यात असतं.

मुक्तछंद

मान्य. पण ज्यांना वेगळं ॲप झेपत नाही, त्यांनी सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ब्राउझरचं कपाट हजारपट बरं. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी तेच लावून देतो, पासफ्रेजसकट.

शब्दवेडी

खूप आभार, कामाचं प्रोफाइल आता केलं. दोन शंका. मुलीलाही वेगळं प्रोफाइल दिलं तर तिला माझं दिसणार नाही ना? आणि सिंक बंद केलं की आधी वर गेलेलं आपोआप जातं का?

रानवारा

दिसेल. प्रोफाइलला दार आहे, कुलूप नाही; कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक केलं की कोणीही तुमच्या प्रोफाइलमध्ये जातो, आणि सगळ्या प्रोफाइलच्या फाइली डिस्कवर एकाच वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये असतात. मुलीसाठी विंडोज किंवा मॅकमध्येच स्वतंत्र युजर काढा, पासवर्डसकट. इन्कॉग्निटो (क्रोमची खाजगी खिडकी) हाही यावरचा उपाय नाही, तिथे फक्त ती खिडकी बंद केल्यावर लॅपटॉपवर हिस्ट्री राहत नाही. वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दिसतोच, प्रोफाइल कितीही केलीत तरी.

दुसरं: नाही, सिंक बंद केल्यावर नवं जाणं थांबतं, जुनं सर्व्हरवर राहतं. गूगल खात्यात क्रोमच्या सिंक डेटाचं पान आहे, तिथे तळाशी डेटा हटवायचं बटण आहे ते दाबा. आणि साइन-इनवरही लक्ष ठेवा. २०१८ मध्ये क्रोम ६९ आलं तेव्हा जीमेल उघडलं की ब्राउझरही आपोआप साइन-इन होऊ लागला. लोकांनी जोरदार आक्षेप घेतल्यावर पुढच्याच आवृत्तीत ते बंद करायची सोय आली. सेटिंगमध्ये 'क्रोम साइन-इनला परवानगी द्या' अशा अर्थाची ओळ आहे, ती बघून घ्या.

शब्दवेडी

मुलीचा युजर आजच काढते. बिटवॉर्डनही घेईन म्हणते. जुने पासवर्ड तिकडे कसे न्यायचे?

दुर्बीण

क्रोममधून पासवर्डची सीएसव्ही फाइल (साधी यादी) निर्यात करा आणि बिटवॉर्डनमध्ये आयात करा. पण ती फाइल साधा मजकूर असते, उघडली की सगळे पासवर्ड समोर. ईमेलने पाठवू नका, आपोआप क्लाउडवर जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. आयात झाली, चार-पाच खाती उघडून पाहिली, की फाइल हटवा आणि रीसायकल बिनही रिकामा करा. मग क्रोममधले जतन केलेले पासवर्ड काढून टाका, सिंक चालू असतानाच काढलेत तर फोनवरूनही जातील. शेवटी 'पासवर्ड जतन करू का' हे विचारणं बंद करा, म्हणजे दोन ठिकाणी साठा होणार नाही.