मदत हवी आहे: बेळगावात झकास, चोर्ला घाट उतरला की कोरडी (हवा जास्त, पेट्रोल कमी). आरएक्सला मेन जेट कितीचा घालू?

मंडळी, प्रश्न लांब आहे. पण अर्धवट माहिती दिली की निम्मे प्रतिसाद 'आधी काय काय बसवलंय ते सांग' असेच येतात, म्हणून सगळं आधीच लिहितो.

गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, केए-२२ पासिंग. पिस्टन पहिल्या ओव्हरसाइजचा. पोर्ट थोडे घासून घेतलेत, पुढे एक्सपान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर), मूळ एअर बॉक्स काढून शंकूसारखा उघडा फिल्टर आणि २२ मिमीचा व्हीएम मिकुनी कार्बोरेटर. ऑइल पंप मूळचाच, चालू स्थितीत. सध्या मेन जेट (फुल रेसचं पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तो) १००, पायलट (मंद रेसचा जेट) २५, सुईची क्लिप वरून तिसऱ्या खाचेत. (चेंबर कायद्यात बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला ठाऊक आहे. त्यावर कृपया वेगळा धागा काढा.)

आता दुखणं. टिळकवाडी, हिंडलगा, काकतीपर्यंत हायवे, सगळीकडे गाडी सुरेख पळते. फुल रेसला आवाज स्वच्छ, प्लग काढला तर विटकरी. पण जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरून केरीला गेलो की रंग बदलतो. साखळीच्या पुढे सपाट रस्त्यावर फुल रेस धरली की ताकद मधेच बसते, बारीक टणटण ऐकू येते, आणि रेस जराशी सोडली की उलट गाडी उचलते. तिथे काढलेला प्लग पांढुरका. परत वर आलो की काही झालंच नाही अशी चालते.

माझ्या ओळखीचे मिस्त्री म्हणतात की उद्यमबागेत नेऊ, १०० च्याच जेटमध्ये बारीक ड्रिल फिरवून घेऊ, नवा जेट कशाला. दुसरे म्हणतात सुई एक खाच वर घे. तिसरे म्हणतात गोव्याचं पेट्रोलच वाईट. मला कळायचंय ते एवढंच: मेन १०५ करू की ११०? आणि वरखाली दोन्हीकडे एकाच जेटवर भागेल का?

घाटमाथा_खानापूर
पेट्रोलला शिव्या नंतर द्या, आधी उंची बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, साखळी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. खाली हवा सुमारे ७ टक्के दाट. कार्बोरेटरला हे कळत नाही. हवा दाट झाली तर पेट्रोलही थोडं जास्त ओढलं जातं, पण हवेच्या प्रमाणात नाही, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे खाली मिश्रण साधारण साडेतीन टक्के कोरडं. गोव्याच्या उकाड्याने हवा पातळ होऊन त्यातलं थोडं परत मिळतं, पण डिसेंबरच्या पहाटे तेही नाही.

दुसरी भर ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. नुसत्या पेट्रोलला जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई१० चा हिशेब १४.१ च्या आसपास, ई२० चा १३.५. म्हणजे ई१० वर बरोबर लागलेला जेट ई२० वर आपोआप चार टक्के कोरडा. तुमचं सेटिंग कधी केलेलं? ई२० फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं, मग हळूहळू सगळ्या पंपांवर आलं. त्याआधीचं सेटिंग असेल तर बेळगावातच तुम्ही काठावर होता, घाटाने फक्त ढकललं. दोन्ही मिळून सातेक टक्के. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोल किती वाहतं त्याचा असतो, म्हणून १०० चे १०७. असा जेट मिळत नाही. टू-स्ट्रोकला शंका आली की मोठा घ्यायचा. ११०.

सुईचा सल्ला इथे लागू नाही. तुमचं दुखणं फुल रेसचं आहे. पाव ते पाऊण रेस सुईची, त्याच्या वर मेन जेट, सुरुवातीच्या पाव भागात पायलट आणि स्लाइडचा (कार्बोरेटरच्या सरकत्या झडपेचा) काप. रेस जरा सोडल्यावर गाडी उचलते, म्हणजे मेन जेट लहान, यात वादच नाही. मात्र ११० घातल्यावर अर्ध्या रेसला अडखळली तर क्लिप तिसऱ्याच खाचेत आहे का ते सांगा. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली जाते आणि मिश्रण कोरडं होतं. इथे भले भले उलट करतात.

टर्नर_उद्यमबाग
जेट ड्रिल करू नका. आमच्याकडे लोक जेट घेऊन येतात, मी परत पाठवतो. १.०० चं भोक १.०५ केलं तर क्षेत्रफळ दहा टक्के वाढतं, पाच नाही. वर हातातल्या ड्रिलने १.०५ सांगून १.०८ कधी झालं ते कळतसुद्धा नाही. जेटच्या तोंडाला आत जाताना उतार असतो, तो बिघडला आणि काठाला बर (धातूची कुसळं) राहिली की वाहणंच बदलतं. मग त्या जेटला आकडा उरत नाही, पुढच्या वेळी कशावरून मोजणार? आणखी एक, केहीनच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनीचा तसा नाही. दोन्हींचे आकडे एकमेकांशी लावत बसू नका. अस्सल मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. स्वस्तातल्या संचात १०५ आणि ११० शेजारी ठेवून बघितले तर कधी कधी फरकच दिसत नाही.

दोनठोके
काय करुलास भावा, जेट बदलायच्या आधी हवा कुठून शिरूलाय ते बघ की! मॅनिफोल्डचं रबर आणि क्रँकचं सील. रेस सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येतंय का, वर लटकतंय? लटकत असेल तर जेटचा सगळा हिशेब फुकट. गाडी चालू ठेवून रबरावर पाणी शिंपड, आवाज बदलला तर तिथंच चीर हाय.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. रबर गेल्या उन्हाळ्यात नवीन घातलंय. पाणी मारून बघितलं, आवाज बदलत नाही. रेस सोडली की आरपीएम सरळ खाली. सेटिंग ई२० सगळीकडे यायच्या आधीचंच आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. ड्रिलचा विषय बंद. घाटमाथा, ११० वर, वर बेळगावात जास्त पेट्रोलने गाडी बुडणार नाही का? आणि घाट उतरताना रेस बंद असते तेव्हा काही भानगड?

घाटमाथा_खानापूर
बुडणार नाही. फुल रेसला अगदी वरच्या आरपीएमला थोडी गुरगुरेल, जणू दोन फेऱ्यांत एकदा जळतेय. तेवढं चालतं. पिस्टन जाम होण्यापेक्षा शंभरदा परवडलं. फारच गुरगुरली तर १०५ हाताशी ठेवा. पण १०५ वर गोव्याला जायचं तर फुल रेस लांब धरू नका.

घाटाचा प्रश्न चांगला विचारलात. तुमचा ऑइल पंप रेसच्या केबलला बांधलेला आहे. उतारावर रेस बंद, इंजिन मात्र गियरमुळे जोरात फिरतंय, म्हणजे ऑइल कमी आणि फेरे जास्त. चोर्ल्याच्या लांब उतारावर मधून मधून क्लच दाबून रेस द्या, ऑइल पोहोचतं. पुढे मागे कोणी पंप काढून टाकीतच ऑइल मिसळा म्हणालं आणि 'सुरक्षेसाठी' जास्त घाला म्हणालं, तर एवढं लक्षात ठेवा: ऑइल जास्त म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी, मिश्रण अजून कोरडं.

उघडा फिल्टर पावसाळ्यात कणकुंबीला नेऊ नका. तिथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. ओला फिल्टर हवा अडवतो, मिश्रण एकदम रिच (पेट्रोल जास्त) होतं, आणि मग लोक पावसात केलेलं सेटिंग घेऊन उन्हाळ्यात पिस्टन जाळतात. जमलं तर मूळ एअर बॉक्स परत बसवा. आवाज कमी होईल, अर्ध्या रेसचा पिकअप सुधारेल.

प्लग बघायचा तर नवा प्लग घाला, गाडी पूर्ण तापवा, रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गियरला फुल रेस धरा, त्याच क्षणी क्लच आणि किल्ली एकदम बंद, आणि तिथेच थांबून प्लग काढा. सावकाश घरी येऊन काढलेला प्लग फक्त घरी येण्याचा रंग दाखवतो. साखळीत काढलेला प्लग पांढरा होता तेव्हा असंच केलेलं का?

मूळ प्रश्नकर्ता
हो, किल्ली बंद करून तिथेच काढलेला. ११० आणि १०५ दोन्ही अस्सल मागवतो, कोल्हापूरला कोणी जाणार असेल तर कळवा. एअर बॉक्स माळ्यावर आहे, उंदरांनी ठेवला असेल तर बसवतो.