अनुभव धागा : जॅमसाठी केलेल्या येड्या गेमवर खेळणाऱ्यांनी काय सांगितलं?

रुमालवाला

गेम जॅममध्ये ४८ किंवा ७२ तासांत दिलेल्या थीमवर गेम करून टाकायचा असतो हे इथल्या बऱ्याच जणांना माहितीये. लुडुम डारे हा ऑनलाइन जॅम २००२ पासून चालूये, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून जानेवारीत जगभर एकदम भरतो, आणि २०२४ ला तर त्याची थीमच 'मला हसवा' होती. गेम कसा केला, कुठलं इंजिन, किती जागलो यावर आपण भरपूर बोलतो. पण जॅम संपल्यावर लोक खेळतात, काहीतरी लिहून जातात, आणि गेम खरा तिथे घडतो असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. काय सांगितलं, त्यातलं काय कामाला आलं, सविस्तर लिहा.

आधी माझं. माझा गेम म्हणजे एसटी फलाटाला लागली रे लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. माऊसने रुमाल ओढायचा आणि फेकायचा, तो वाऱ्यावर फडफडत कुठेही जातो, कधी कंडक्टरच्या डोक्यावर, कधी कोणाच्या डब्यात. जॅम बाहेरच्या देशातला होता. पहिल्याच दिवशी एकाने लिहिलं की बसमध्ये कचरा टाकायला फार मजा आली, अजून कचऱ्याचे प्रकार हवेत. दुसऱ्याने विचारलं, रुमाल सीटवर पडला की मार्क का मिळतात? रुमाल टाकला की जागा आपली, हे ज्याने कधी पाहिलंच नाही त्याला कळणार कसं! मग जॅमनंतरच्या व्हर्जनमध्ये सुरुवातीला एक छोटा प्रसंग टाकला. एक काका रुमाल टाकतात, दुसरा माणूस त्या सीटपाशी येतो, रुमाल बघतो आणि मुकाट्याने मागे जातो. एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यानंतर तो प्रश्न परत आला नाही.

आपल्या लोकांचा फीडबॅक मात्र वेगळाच. त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती, त्यांनी माल पुरवला. टोपी टाका, पिशवी टाका, पाण्याची बाटली टाका, आणि एकीने लिहिलं की आमच्या गावाला सरळ लहान पोराला खिडकीतून आत सोडतात. ते पोरगं आता गेममध्ये आहे आणि सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळतो.

शिट्टीमोजणी

आमचा कुकरचा गेम, मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी मिळून केलेला. शिट्ट्या मोजायच्या आणि बरोबर वेळी गॅस बंद करायचा, मध्ये मध्ये दाराची बेल वाजते, फोन येतो, शेजारीण साखर मागायला येते आणि आकडा विसरायला होतो. पहिली कॉमेंट आली की तुमचा गेम एक शिट्टी जास्त मोजतो. मग अजून एकाने तेच लिहिलं, पण त्याने ब्राउझर कुठला ते सांगितलं आणि पेज उघडल्यावर कशालाही क्लिक केलं नव्हतं हेही सांगितलं. तिथे उलगडा झाला. खेळणारा पेजवर काहीतरी दाबत नाही तोवर ब्राउझर आवाज सुरूच करत नाही, त्यामुळे आमची पहिली शिट्टी वाजत होती पण ऐकू जात नव्हती. आता सुरुवातीला गॅसचं बटण फिरवून पेटवावा लागतो, तो क्लिक झाला की आवाज चालू. गेमलाही शोभतं ते.

त्याच कॉमेंटांमध्ये एक खूप महत्त्वाची होती. लिहिणाऱ्याला ऐकायला येत नाही, आणि त्याने शांतपणे विचारलं होतं की शिट्टी दिसेल असं काही करता येईल का. आम्ही वरची शिट्टी थरथरवली, वाफेचा फुगा काढला. मजा म्हणजे हॉस्टेलवर आवाज बंद करून खेळणाऱ्या पोरांनी पण त्यासाठी थँक्स म्हटलं. बाकी शिट्टीचा आवाज एसएफएक्सआर नावाच्या टूलवर केलाय, ते टूलसुद्धा २००७ साली लुडुम डारेवाल्यांसाठीच बनवलेलं आहे, नवीन लोकांनी नक्की वापरा.

नुसताच_खेळतो

मी गेम करत नाही, खेळतो आणि लिहितो. लुडुम डारेत २० रेटिंग मिळाल्याशिवाय गेमला नंबरच मिळत नाही, आणि इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवरच्या जॅममध्ये तुमच्या गेमला सगळ्या गेमांच्या मतांच्या मधल्या आकड्यापेक्षा कमी मतं असतील तर तुमचे मार्क त्या हिशोबात खाली येतात. म्हणजे गेम कितीही भारी असू दे, कोणी खेळलंच नाही तर तो तळाला जातो. म्हणून मी यादी उलटी लावतो आणि कमी मतंवाले आधी खेळतो. वेडे गेम तिथेच सापडतात, कारण त्यांचं चित्र साधं असतं आणि लोक चित्र बघून पुढे जातात.

लिहिताना मी तीन गोष्टी लिहितो, हसलो कुठे, अडलो कुठे आणि सोडला कुठे. सोडला कुठे हे लोक लिहीत नाहीत, त्यांना वाटतं समोरच्याला वाईट वाटेल. पण करणाऱ्याला सगळ्यात जास्त त्याचाच उपयोग होतो! 'छान प्रयत्न, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा' वाचून त्याने करायचं काय?

बोकड७१२

जर्मनीत असतो, इथूनच भाग घेतला. गेम असा की तलाठी कार्यालयात बोकड शिरलाय आणि सातबारे खातोय, तुम्ही बोकड. उडी झेडवर, खाणं एक्सवर, जुन्या गेममध्ये असतं तसं. आणि मी माझ्या भारतातून आणलेल्या लॅपटॉपवर केला. ऑफिसमधल्या जर्मन कलीगला दिला तर त्याची बोटं पार गुंतली, कारण जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायची अदलाबदल असते, झेड वरच्या ओळीत जातो. फ्रेंच कीबोर्डवर तर आपल्या झेडच्या जागी डब्ल्यू असतो. गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये अक्षराऐवजी बटणाची जागा धरून कंट्रोल लावता येतात, ते केल्यावर सगळीकडे बोट त्याच जागी पडतं. शिवाय बाणांची बटणं आणि स्पेस पण चालू ठेवा, काही खर्च नाही त्याला.

दुसरी कॉमेंट अशी की बोकड भयानक सुसाट आहे, आवडला, पाच स्टार. मला कळेना, माझ्याकडे तर तो आरामात चालतो. त्या माणसाचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा निघाला, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा. माझा ६० चा, आणि बोकड फ्रेममागे ठरलेले पिक्सेल पुढे जात होता, म्हणजे त्याच्याकडे दुपटीहून जास्त वेग. वेळेच्या हिशोबात वेग लावला की हे होत नाही. पण त्याच्या कॉमेंटमुळे मी वेगवान बोकड खेळून बघितला, आणि खरंच तो जास्त मजेशीर होता! आता सगळ्यांकडेच तो तसाच पळतो.

गच्चीवरून

माझं थोडक्यात. गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि कावळे. आईला खेळायला दिला आणि शेजारी नुसती बसले, एक शब्द बोलले नाही. ती बाणांच्या बटणांकडे गेलीच नाही, थेट माऊस कावळ्यावर नेऊन क्लिक करत राहिली. आणि मग म्हणाली, "अगं, पण पापड उलटायचे कधी? वळतील ना सगळे!" कावळे हाकलता हाकलता पापड उलटायचे, हाच आता आख्खा गेम आहे. जॅममधल्या कॉमेंटा चांगल्याच होत्या, पण पापड उलटायला त्यातल्या कोणी सांगितलं नाही.

चौथा_थर

दहीहंडीचा गेम. प्रत्येक थराच्या गुडघ्यांना वेगळं बटण, सगळे डुगडुगतात, पडतात. सर्जन सिम्युलेटर हा ऑपरेशन करायचा गेम २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये असाच जन्मला होता, एकेक बोट वेगळ्या बटणावर, आणि तो विनोद अजून चालतो. आमच्याकडे मात्र रेटिंग येईना. एकाने कडक लिहिलं, कंट्रोल फालतू, दोन मिनिटांत बंद केला. वाचून दिवस खराब गेला. पण त्याच्याच खाली एकीने लिहिलं होतं की पडतात तेव्हा मी हसते, पण मग स्क्रीन काळी होते, मार्क येतात, 'पुन्हा खेळा' येतं, ते दाबायचं, परत काळी, तोवर हसू ओसरतं आणि राग येतो.

दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते! अवघड कंट्रोल लोक आनंदाने सहन करतात, पडल्यावर लगेच उभं राहता आलं तर. आम्ही मार्कांची स्क्रीन काढूनच टाकली. पडले की आर दाबा, गोविंदा जिथल्या तिथे उठतात, ढोल सुद्धा थांबत नाही. त्यानंतर खेळायला दिला तर कोणी उठायलाच तयार नाही, "एकदा, शेवटचं" म्हणत पोरं कीबोर्ड सोडेनात. फक्त एक ध्यानात ठेवा, बऱ्याच जॅममध्ये मतदान चालू असताना फाइल बदलता येत नाही, त्यामुळे असे बदल जॅमनंतरच्या व्हर्जनमध्येच जातात. नोट करून ठेवा, नंतर विसरायला होतं.

नवीन_इथे

सगळं वाचलं, खूप उपयोग झाला. मी पहिल्यांदाच उतरतेय. खेळणाऱ्यांकडून असं नेमकं काढून कसं घ्यायचं? माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला तर नुसते अंगठे आले.

रुमालवाला

@नवीन_इथे, 'कसा वाटला' विचारलं की अंगठेच येतात. पेजवर गेमच्या खालीच एखाददोन प्रश्न लिही, ज्यांचं उत्तर 'छान' असं देताच येणार नाही. आणि जमेल तेव्हा कोणाच्या तरी शेजारी बसून बघ, वर गच्चीवाल्या ताईंनी केलं तसं, तोंड बंद ठेवून. आपण मध्ये "अगं तिथे क्लिक कर" म्हटलं की संपलं, पेजवर खेळणाऱ्याला ते सांगायला आपण नसतो.

नवीन_इथे

ओके दादा. मग माझा रिक्षावाल्याचा गेम रविवारी टाकते, प्रवासी जिथे सांगेल तिथे "नाही जाणार" म्हणायचं, जितक्या वेगवेगळ्या तऱ्हेने नाही म्हणाल तितके मार्क. प्रश्न दोनच आहेत: पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचं ते कळलं का, आणि कुठल्या प्रवाशाला बंद केलात. फोनवर चालत नाही अजून, लॅपटॉपवरच उघडा.