प्रतिसाद: माई ताई हवाईची नव्हेच

वर कुणीतरी लिहिलंय की माई ताई हे हवाईचं पेय आणि त्यात अननसाचा रस हवाच. दोन्ही मुद्द्यांना हरकत!

हे कॉकटेल कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं, १९४४ सालचं. 'ट्रेडर व्हिक' म्हणजे तिथले बारमालक व्हिक्टर बर्जेरॉन यांनी ते बनवलं. त्यांचे प्रतिस्पर्धी बारमालक डॉन बीच यांचे चाहते श्रेय बीच यांच्या 'क्यू बी कूलर' या जुन्या कॉकटेलला देतात, पण त्याचं साहित्य इतकं वेगळं आहे की मला तो दावा ओढूनताणून आणलेला वाटतो. व्हिक यांनी १७ वर्षं मुरलेली जमैकन रम वापरली होती, आणि बाकी सगळा खटाटोप तिची चव दिसावी म्हणून होता. अननस घुसला तो १९५३ नंतर, हवाईच्या हॉटेलांत, पर्यटकांसाठी.

करायचं तर ६० मिली मुरलेली रम, ३० मिली लिंबाचा रस (आपली कागदी लिंबं दोन तरी लागतात), १५ मिली ऑरेंज क्युरासाओ (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य), १५ मिली बदामाचं सरबत आणि चमचाभर खडीसाखरेचा पाक. बर्फाचा चुरा घालून शेकर बाहेरून पांढरा पडेपर्यंत हलवा. वर पिळलेल्या लिंबाची साल पालथी ठेवून शेजारी पुदिन्याचा तुरा खोचा. बदामाचं सरबत केशर-वेलचीवालं नको, नाहीतर मसाला दूध प्यायल्यासारखं लागेल. ओल्ड मंक चालते, पण तिचा व्हॅनिला पुढे येतो. मग पाक वगळलेला बरा.