लग्नात बदललेल्या नावासाठी बाईनं कोर्टात काहून जावं?

सेतूवाली ताई, घाटंजी
आमच्या सेतू केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्या बायांचं दुखणं सारखंच. माहेरच्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, नाव कौसल्या. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं रुख्मा. बँकेत रुख्माबाई, आधारवर रुकमा. धनी गेला, त्याचं शेत नावावर करायला, म्हणजे वारस फेरफाराला, कागद जोडले, की प्रत्येक टेबलावर विचारणा होते : या तिघी एकच कशावरून?

नुसतं नाव बदलायला कोर्ट लागत नाही. प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो. तरी साहेब लोक सर्रास सांगतात, "कोर्टातून आणा." म्हणजे 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 34 खाली घोषणेचा दिवाणी दावा. जिला अख्खं गाव चाळीस वर्षं ओळखतं, तिनं मी मीच आहे हे न्यायाधीशापुढं सिद्ध करायचं! माझं स्पष्ट मत आहे, तहसीलदारानं गावात चौकशी करावी, ग्रामसभेत नाव वाचावं, हरकतीला महिना द्यावा आणि सगळ्या कार्यालयांना चालेल असा एकच दाखला द्यावा.

दारव्ह्याचा वकील
ताई, तळमळ पटते, उपाय पटत नाही. ग्रामसभा कोणाची? तिच्या सासरची. विधवेच्या दोन एकरांवर दिराचा डोळा असला तर "ही ती नव्हेच" म्हणणारे दहा जण तिथंच उभे राहतात. सरपंच दिराच्या गोटातला, पोलीस पाटील भावकीतला. कोर्ट गावाबाहेर आहे, हाच त्या बाईचा आधार. उलटही होतं : सारख्या नावाची भलतीच बाई उभी करून खरेदीखत होतं. अशा वेळी शपथेवरची साक्ष आणि उलटतपासणी लागतेच.

खर्चाचं म्हणाल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा.

पांढरकवड्याचा भाऊ
वकीलसाहेब, फुकट वकील भेटते, पन तारीख फुकट नाई भेटत. माह्या मायनं हाच दावा केला. हरकत घ्याले एकही मानूस आला नाई, तरी तारखा चालूच. निंदनाची मजुरी बुडे ते येगळी. फेरफार होवोस्तर पीककर्जाचा हंगाम निंगून गेला, मंग सावकाराच्या दारात जा लागलं. भांडनच नाई त कोर्ट कायले पायजे?

शिक्षिका, वणी
मुळात नाव बदलायचंच कशाला? लग्न झालं म्हणून नाव बदला, असं कोणताही कायदा सांगत नाही. मी प्रत्येक मुलीला टीसी देताना हेच बजावते. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरमधली उघड चूक शाळा सोडल्यावरही दुरुस्त होऊ शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 2019 मध्ये सांगितलंय. आणि सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये नाव हा अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग मानला. इतका मोठा हक्क आपण तांदळाच्या ताटात देऊन टाकतो, याचा मला राग येतो.

सेतूवाली ताई, घाटंजी
बाई, पुढच्या मुलींसाठी तुमचं शंभर टक्के खरं. पण माझ्या रांगेतल्या सत्तरीच्या आजीला आज फेरफार हवाय.

वकीलसाहेब, भावकीचा मुद्दा मान्य. मग हरकत आली तर कोर्ट, नाही आली तर तहसील, एवढं तरी करा.

दारव्ह्याचा वकील
हरकत न येणं म्हणजे कबुली नव्हे. दीर पुण्याला कामाला असेल, नोटीस पोचलीच नसेल. तुमच्या योजनेत माहेर कुठंच नाही, ही माझी खरी अडचण आहे. कौसल्या कोण, हे सासरचा माणूस सांगूच शकत नाही. माहेरच्या गावातले दोन साक्षीदार शपथेवर घ्या, कोतवाल पंजीची प्रमाणित नक्कल सक्तीची करा, आणि तहसीलदाराच्या आदेशावर अपील ठेवा. एवढं लिहिलंत तर तुमच्या या मागणीच्या निवेदनावर सही करायला मी घाटंजीला येतो.