मदत हवी आहे: आमच्या ऑनलाइन गेममध्ये अजून किती जीव आहे, हे कसं ओळखायचं?

निशाचर_कर्वेनगर:
मंडळी, इथे जुने गेमर बरेच आहेत म्हणून विचारतो. आमची पुण्यातल्या मित्रांची एक गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणारा गट, आहे. हिंजवडीत एका कंपनीत होतो तेव्हा जमली. आता कोणी वाकडला, कोणी कर्वेनगरला, एक जण थेट जर्मनीत. शनिवारी रात्री जेवणं आटोपून साडेदहाला रेडला (सगळ्यांनी मिळून लढायची मोठी मोहीम) बसायचं, हा नेम. गेमचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्याच्याच भांडणात जाईल. महिन्याच्या वर्गणीवरचा एमएमओआरपीजी (एकाच ऑनलाइन जगात असंख्य लोक आपापलं पात्र घेऊन खेळतात तसला गेम) आहे आणि आम्ही सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतो.

रेडला आठ जण लागतात. दिवाळीपासून आम्ही पाचच उरलोय. तीन अनोळखी लोक मिळेपर्यंत रांगेतच साडेअकरा वाजतात, मग एकेक जण "चला, झोपतो" म्हणून सटकतो. ऑक्शन हाउसची, म्हणजे गेममधल्या बाजाराचीही तीच गत. मी बनवलेल्या औषधाच्या कुप्या पूर्वी टाकल्या टाकल्या खपायच्या, आता मुदत संपून टपालपेटीत परत येतात. उलट त्याच कुप्यांना लागणारी एक वनस्पती सबंध सर्व्हरवर एकच माणूस विकतोय आणि म्हणेल तो भाव घेतोय.

त्यात गेल्या आठवड्यात घोषणा झाली की तीन सर्व्हर एकत्र करणार. सोबत वर्षाची वर्गणी एकदम भरल्यास घसघशीत सूट. भरावी का? अशा गेमचं आयुष्य साधारण किती धरायचं? सर्व्हर एकत्र करतात म्हणजे गाशा गुंडाळायला लागलेत असं समजायचं का? "मैदानावर जाऊन खेळा" हा सल्ला घरी फुकट मिळतो, तो इथे नको.

पेठकर:
आधी अटी वाचा. मध्येच बंद केला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देऊ, असं कुठे लिहिलंय का? लिहिलेलं नसेल तर सूट कसली मोजताय?

जुना_मांत्रिक:
साधारण आयुष्य असं काही सांगता येत नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' 1997 चा, 'एव्हरक्वेस्ट' 1999 चा; दोन्ही अजून चालू आहेत. 'टॅब्युला रासा' नोव्हेंबर 2007 मध्ये आला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये संपलासुद्धा. 'वाइल्डस्टार' 2014 ते 2018. पहिली चार-पाच वर्षं काढली की पुढे टिकण्याची शक्यता बरी असते, पण तेही छातीठोकपणे नाही. 'अ‍ॅशरन्स कॉल' 1999 पासून चालत होता, 2017 मध्ये बंद केला.

सुरुवातीच्या गर्दीवर तर मुळीच जाऊ नका. 'न्यू वर्ल्ड' सप्टेंबर 2021 मध्ये आला तेव्हा स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेवर एका वेळी नऊ लाखांहून जास्त लोक होते. ऑक्टोबर 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की यात आता नवीन काही येणार नाही.

खेळाडू संपले म्हणूनच गेम बंद होतो असंही नाही. 'सिटी ऑफ हीरोज'चे लोक 2012 मध्येही आवडीने खेळत होते, पण तो चालवणाऱ्या एनसीसॉफ्ट कंपनीने तो बनवणाऱ्या स्टुडिओलाच टाळं ठोकलं. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'चा मामला वेगळा. 2005 मध्ये एका अपडेटने त्यातले तिसावर पेशे नऊवर आणले. वर्षानुवर्षं घडवलेलं पात्र एका रात्रीत भलतंच झालं, जुने खेळाडू भडकून गेले. तरी रखडत चालला, आणि 15 डिसेंबर 2011 ला बंद झाला. पाच दिवसांनी त्याच विश्वातला 'द ओल्ड रिपब्लिक' बाजारात आला! दुसऱ्याच्या विश्वावर बेतलेल्या गेमला परवान्याची ही टांगती तलवार कायम असते.

सर्व्हर एकत्र करण्याला एवढं घाबरू नका. ओस पडलेले सर्व्हर तसेच ठेवणारी कंपनी जास्त धोकादायक. तुम्ही गेल्या वर्षभराच्या पॅच नोट्स (प्रत्येक अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी) काढून बघा. नवी रेड, नवा नकाशा येतोय, की नुसते दुकानातले पोशाख आणि घोडे? खर्च नव्या मजकुराचा असतो, नुसते सर्व्हर चालू ठेवायला त्यामानाने थोडकं लागतं. म्हणून तर 2005 चा पहिला 'गिल्ड वॉर्स' 2013 मध्ये नवी भर थांबवूनही चालू राहिला.

सदाफुली:
मांत्रिककाका, इतिहास पटला, पण यांचं दुखणं गेम बंद पडण्याचं नाहीये, शनिवारी आठ माणसं न मिळण्याचं आहे. सोसायटीच्या गणपतीसारखं: वर्गणी सगळी घरं देतात, आरतीला चौघं.

निशाचर, सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे. तुम्ही साडेदहाला बसता तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजलेला असतो. मलेशिया, फिलिपिन्सचंही घड्याळ तेच. सर्व्हर मेला की झोपलाय, हे त्या वेळेवरून कसं कळणार? रविवारी संध्याकाळी सहाला लॉगिन करा, त्यांच्याकडे साडेआठ असतील. तेव्हाही शुकशुकाट असेल तर मग काळजी करा.

पेठकर:
+१. पुण्यात साडेदहाला जेवणं आटोपतात हेच मुळात पटलं नाही. आमच्याकडे तोवर कुलूप लागलेलं असतं.

निशाचर_कर्वेनगर:
सदाफुलीताई, दंडवत! काल रविवारी सहाला शिरलो. शहराच्या चौकात चालायला जागा नव्हती, तीन जण दहा मिनिटांत मिळाले, त्यातली एक हीलर (लढाईत बाकीच्यांना बरं करणारी) तर आमच्या सगळ्यांपेक्षा भारी. जर्मनीवाल्याला दुपारची वेळही चालते. अडचण एकच, आमच्या टँकची (पुढे राहून शत्रूचा मार झेलणारा गडी) मुलगी रविवारी संध्याकाळी तबल्याच्या क्लासला असते आणि ने-आण त्याच्याकडे. त्याचं बघू काहीतरी.

पॅच नोट्स मात्र काही बऱ्या नाहीत. नवी रेड गेल्या पावसाळ्यात आली, त्यानंतर फक्त पोशाख. त्यामुळे वर्गणी महिन्याचीच ठेवतोय. समजा बंद झालाच, तर हाती काय राहतं?

जुना_मांत्रिक:
पात्र आणि सामान कंपनीच्या सर्व्हरवर, ते गेलं. क्वचित नशीब निघतं. 'सिटी ऑफ हीरोज' चाहत्यांनी गुपचूप चालू ठेवला होता, ते 2019 मध्ये फुटलं, आणि जानेवारी 2024 मध्ये एनसीसॉफ्टने 'होमकमिंग' या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवानाच दिला. पण त्यावर विसंबू नका, बहुतेक खाजगी सर्व्हर बेकायदा असतात आणि तिथे आपली जुनी पात्रंही नसतात.

बंद करण्याआधी सहसा काही महिने सांगतात. 'गॅलक्सीज'ची घोषणा जूनमध्ये झाली होती, 'सिटी ऑफ हीरोज'ला तीन महिने मिळाले. महिन्याची वर्गणी असेल तर नुकसान फार नाही. स्क्रीनशॉट आणि चॅटचे लॉग (गप्पांची नोंद) तुमच्याच मशीनवर साठतात, त्यांची प्रत अधूनमधून दुसरीकडे काढून ठेवा. फक्त लॉगची सोय चालू आहे का ते आजच सेटिंगमध्ये बघा, बऱ्याच गेममध्ये ती मुळात बंद असते.