वसईतली मराठी चर्चच्या शाळांनी मारली?

राजेळी: काल पारिजात७ यांनी लिहिलं, "वसईत मराठी मारली ती चर्चच्या शाळांनी." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लांबड लावतो.

आमची शाळा देवळाला लागून. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, कपाळाला आठ्या नकोत.) सुरुवात फादरांच्या पडवीत, चौथीपर्यंत. मग सातवी, मग हायस्कूल. बाकांसाठी आजोबांनी वाडीतला आंबा पाडला, बायकांनी सुकेळी (सुकवलेली केळी) विकून कौलांचे पैसे उभे केले. माध्यम? मराठी! साठच्या दशकात व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे देवळातली उपासनासुद्धा लॅटिनमधून मराठीत आली. 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो कुठले? वसईचेच ना?

पारिजात७: एक फादर संमेलनाचे अध्यक्ष झाले म्हणून पाप धुतलं जात नाही. त्याच आवारात इंग्रजीची चार मजली इमारत कुणी उठवली? मराठीचे वर्ग मागे, गळक्या कौलांखाली. वर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातले गरीब-वंचित मुलांसाठीचे 25 टक्के प्रवेशही लागू नाहीत. सोयीचं आहे.

राजेळी: आरटीई कुठून आणलंत मध्येच? इंग्रजीची तुकडी काढा म्हणून फादरांच्या दारात पालकच बसले होते. माझा सख्खा भाऊ त्यात होता.

घाटावरचा_मास्तर: मी 1984 ला साताऱ्याहून अशाच एका शाळेत लागलो. पट घसरला, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची संख्या ठरते त्यात) दोन शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यातला एक मी. मराठी तुकडीचा पगार सरकारी अनुदानातून, इंग्रजीचा फीतून. संस्थेचं लक्ष कुठे जाणार? फादर वाईट नव्हते, हिशेब वाईट होता. बाकी तिथल्या पोरांचं मराठी म्हणजे... असो.

कुपारी_पोरगं: 'असो' काय? बोला की! तुमच्यासारख्याच एका मास्तरांनी मला वर्गात उभं करून माझं वाक्य तीनदा म्हणायला लावलं. अख्खा वर्ग हसला. त्यात निम्मे माझ्याच आळीतले. घरी कादोडी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. मराठी वाचवायची म्हणून गळे काढता, मग आमची बोली कोण मारत होतं?

घाटावरचा_मास्तर: प्रमाण मराठी शिकवणं माझं काम होतं. बोर्डाचा पेपर कादोडीत निघत नाही.

कुपारी_पोरगं: हसवणंही बोर्डाच्या अभ्यासक्रमात होतं का?

पारिजात७: विषय भरकटतोय.

कुपारी_पोरगं: हाच विषय आहे. माझ्या मुलीला इंग्रजीत घातली ती यासाठीच. तिथे तिचं इंग्रजी कच्चं म्हणून हसतील, चालेल. आईच्या बोलीला तरी कुणी हसणार नाही.

राजेळी: फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी 1616 ला गोव्यात राचोलला मराठीत ख्रिस्तपुराण छापलं आणि मराठीला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा दिली. आपण मात्र कुणाची मराठी खरी यावर भांडतोय.

कुपारी_पोरगं: स्टीफन्स काढले म्हणजे मुद्दे संपले.

घाटावरचा_मास्तर: बरं, हसायला नको होतं. तो मी नव्हतो, पण मीही असं केलं असेल. पहिल्या वर्षी पोरं आपसात बोलायला लागली की मला ओ की ठो कळायचं नाही. शेवटी शाळेच्या शिपाईमामांनीच शिकवलं, रोज मधल्या सुट्टीत, विहिरीच्या कठड्यावर बसून. हे आधी लिहायला हवं होतं.

पारिजात७: ठीक. 'मारली' मागे घेतो. 'मरू दिली' लिहितो.

राजेळी: उपकार झाले. आता तुमची नात कुठल्या शाळेत जाते तेही लिहा.

पारिजात७: सीबीएसई. मुलगा ऐकत नाही.

कुपारी_पोरगं: फी किती हो तिथे?